विमानाच्या अंगावरचा टवका

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने विषयाचे बंधन घातले नाही, त्याचा मी थोडा गैरफायदा घेत आहे. पहिली तुकडी, पत्र्याच्या शेडमधले वर्ग, विहिरीवरची रांग, जुने शिक्षक यांवर इतर मंडळी लिहितीलच आणि माझ्याहून चांगले लिहितील. मी लिहिणार आहे ते विमानाच्या रंगाविषयी. संपूर्ण विमान रंगवणे हा मोठा सोहळा असतो, त्याची छायाचित्रे वर्तमानपत्रांत येतात. माझा विषय त्याहून फार लहान आहे. रंगवलेल्या विमानावर कुठे टवका उडतो, कुठे चरा पडतो, कुठे मसुरीएवढा फोड येतो. ती जागा दुरुस्त करण्याचे काम कसे चालते आणि ते कोण करतो, एवढेच मला सांगायचे आहे. इतिहासाच्या शिक्षकाला हे ज्ञान कोठून झाले, याचे उत्तर आपल्याच वसतिगृहात आहे.

पत्र्याच्या पेट्यांवर नावे घालण्याचे काम ज्याच्याकडे आपसूक गेले होते तो मुलगा त्या काळातल्या अनेकांना आठवत असेल. त्याचे नाव मी लिहीत नाही. त्याचीच तशी इच्छा आहे, आणि कारण पुढे येईल. आई-वडील ऊसतोडीला जात. दिवाळीनंतर सहा महिने गावातल्या घराला कुलूप असे. पेटीवर नाव घालण्याआधी तो ती ओल्या फडक्याने पुसायचा, गंजलेली जागा पॉलिश पेपरने घासायचा आणि पेटी पूर्ण सुकेपर्यंत, कोणी कितीही घाई केली तरी, कुंचला उचलायचा नाही. त्याने नावे घातलेल्या दोन पेट्या आजही भांडारात आहेत. कडा चेपल्या, कोयंडे गेले, अक्षरे मात्र शाबूत आहेत. बारावीनंतर त्याने आयटीआयमध्ये पेंटरचा अभ्यासक्रम केला, काही वर्षे मोटारींच्या गॅरेजमध्ये डेंटिंग-पेंटिंग केले आणि तेथून तो विमानांच्या देखभालीच्या हँगरमध्ये पोहोचला. ओझरला लढाऊ विमानांचा कारखाना आहे, नागपुरात मिहानमध्ये प्रवासी विमानांच्या देखभालीचे मोठे केंद्र आहे, मुंबईत विमानतळाला लागून जुने हँगर आहेत. तो यांपैकी कोठे आहे की राज्याबाहेर आहे, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही.

लग्नाच्या बोलणीच्या वेळी त्याच्या या नोकरीने मोठी गंमत केली. “मुलगा विमानात आहे” असे म्हटले की पाहुणे सावरून बसत. “रंगकामाला आहे” असे कळले की चहा लवकर आटोपता घेत. हाताला रंग लागणारे काम आणि मान, यांचे आपल्या समाजात फारसे कधी जमले नाही. त्या पाहुण्यांना दोष देऊन उपयोग नाही. विमानाला रंग शोभेसाठी असतो, असे मलाही अनेक वर्षे वाटत होते.

विमानाचे अंग ज्या पत्र्याचे असते तो बहुतेक ॲल्युमिनियमचा, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातल्या भाषेत ‘जर्मल’चा. शुद्ध ॲल्युमिनियम हलके, पण मऊ. १९०६ मध्ये जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात आले की, थोडे तांबे आणि किंचित मॅग्नेशियम मिसळलेले ॲल्युमिनियम तापवून एकदम थंड केले आणि नुसते ठेवून दिले, तर काही दिवसांत ते आपोआप अधिक कठीण होते. त्यातून ‘ड्युरॅल्युमिन’ आले आणि विमानांना धातूचे अंग मिळण्याचा मार्ग मोकळा झाला. तेव्हा या धातूला ‘जर्मन’ किंवा ‘जर्मल’ म्हणणारी आपली आजी अगदीच चुकत नव्हती, असे म्हणायला हरकत नाही.

मात्र तांब्याने ताकद दिली तशी एक उणीवही दिली. शुद्ध ॲल्युमिनियम हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावून स्वतःवर एक पातळ थर चढवून घेते आणि त्याच्या आड सुरक्षित राहते. तांबे मिसळले की ही शक्ती घटते. ओलावा आणि मीठ मिळाले की धातू आतून पोखरू लागतो. समुद्रकाठच्या विमानतळावर पावसाळ्यात उभ्या राहणाऱ्या विमानाला दोन्ही गोष्टी फुकट मिळतात. म्हणून अशा पत्र्यावर शुद्ध ॲल्युमिनियमची पातळ साल चढवलेली असते, तिच्यावर एक रासायनिक लेप, त्यावर प्रायमर आणि सर्वांत वर आपल्याला दिसणारा रंग. प्रवासी विमानाच्या अंगाचा पत्रा पुष्कळ ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा असतो, आणि रंगाचे सगळे थर मिळून त्याच्या दशांशाच्या आसपास भरतात. या दशांशात कोठे खिंडार पडले म्हणजे टवका.

आणि खिंडारे पडतातच. मे महिन्यात नागपूरच्या धावपट्टीवर भाजून निघालेले विमान अर्ध्या तासात दहा किलोमीटर उंचीवर जाते, तेथे शून्याखाली पन्नास अंश थंडी असते. प्रत्येक उड्डाणात आतली हवा दाबाखाली ठेवावी लागते, त्यामुळे अंग किंचित फुगते आणि उतरल्यावर पुन्हा बसते. त्या ताणाने रिव्हेटांच्या डोक्याभोवती रंगाला बारीक भेगा जातात. ताशी आठशे-नऊशे किलोमीटर वेगाने जाताना पावसाचा थेंब पंखाच्या पुढच्या कडेवर खड्यासारखा आदळतो. दाराजवळ शिड्यांचे आणि सामान चढवणाऱ्या गाड्यांचे ओरखडे असतात, पोटाला चाकांनी उडवलेल्या खड्यांचे टवके. स्वयंपाकाची जागा आणि शौचालय यांच्या खालचा भाग सर्वांत वाईट. सांडलेला चहा, फळांचा रस आणि बाकीचे जे काही झिरपते ते तेथे साचते. आकाशात झेपावणाऱ्या यंत्राची सर्वांत मोठी डोकेदुखी शौचालयाखाली असावी, हे ऐकून आमच्या नववीच्या मुलांना फार आनंद झाला.

हा आनंद त्यांना मिळाला तो त्या विद्यार्थ्यामुळेच. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत तो शाळेत आला असता मी त्याला मुलांसमोर बोलायला सांगितले. भाषण त्याला जमणार नव्हते. त्याने भोजनगृहातून दोन थाळ्या आणि भांडारात पडलेले एक जुने जर्मलचे पातेले मागवून घेतले. पातेल्याच्या बुडाला आंबट आणि खारट आमटीने वर्षानुवर्षे पाडलेले बारीक खळगे होते. एका खळग्यात त्याने टाचणी घातली. “वरून मोहरीएवढं दिसतं,” तो म्हणाला, “आत ज्वारीच्या दाण्याएवढं पोखरलेलं असतं. विमानाला हे होऊ द्यायचं नाही, म्हणून माझा पगार.” मग त्याने एक थाळी नीट धुऊन, पुसून घेतली, दुसरीवर नुसता तळहात फिरवला आणि दोन्हींवर पाणी ओतले. पहिलीवर पाण्याचा सलग पडदा पसरला. दुसरीवर पाणी फुटून त्याचे मणी झाले. पत्रा स्वच्छ आहे की नाही हे ओळखण्याची परीक्षा हीच. पाणी फुटले, तर अजून तेल आहे, आणि तेलावर चढवलेला रंग महिन्याभरात पोपडा होऊन सुटतो. त्या दिवशी मुलांनी भोजनगृहातल्या बहुतेक थाळ्या तपासल्या. शेवटी स्वयंपाकाच्या मावशींनी पाणी बंद केले.

प्रत्यक्ष काम असे चालते. आधी धुणे. मग द्रावणाने भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसणे, आणि ते द्रावण उडून जायच्या आत दुसऱ्या कोरड्या कापडाने टिपून घेणे. आपोआप वाळू दिले तर विरघळलेला मळ पुन्हा तेथेच बसतो. भोवती मास्किंग टेप. मग पॉलिश पेपरने टवक्याच्या कडा घासत घासत उतरत्या करायच्या, इतक्या की डोळे मिटून बोट फिरवले तर पायरी लागू नये. येथे तारेची घासणी चालत नाही. लोखंडाचा सूक्ष्म कण ॲल्युमिनियममध्ये रुतून बसला, तर ओलाव्यात त्या दोन धातूंमध्ये विजेचा लहानसा व्यवहार सुरू होतो आणि गंज बरा करायला गेलेला माणूस गंज पेरून येतो. फार घासूनही चालत नाही, कारण खाली ती शुद्ध ॲल्युमिनियमची साल आहे आणि तिची जाडी पत्र्याच्या काही टक्केच. घासून झाले की थांबायचे आणि पाहायचे. खाली नुसता उघडा पत्रा आहे, की चरा धातूत उतरला आहे? खळगा आहे का? भेग आहे का? प्रत्येक विमानाच्या दुरुस्तीच्या पुस्तकात कोणत्या जागी किती खोल चरा चालतो याच्या मर्यादा दिलेल्या असतात. त्यापलीकडे गेले की रंगाऱ्याचे काम तेथेच थांबते. पुढचे परवानाधारक अभियंत्याचे.

सगळे ठीक निघाले तर कुंचल्याने तो रासायनिक लेप लावायचा आणि काही मिनिटे ओला ठेवायचा. पत्र्यावर हळूहळू फिकट सोनेरी झाक येते, तेव्हा धुऊन काढायचा. मग प्रायमर, मग रंग. हे दोन्ही दोन डब्यांतले पदार्थ ठरलेल्या प्रमाणात मिसळून करायचे असतात. एकदा मिसळले की त्यांचे आयुष्य काही तासांचे. उरलेले फेकायचे, तेही वाटेल तेथे नाही. डब्यावरची तारीख उलटली असेल तर डबा भरलेला असला तरी उघडायचा नाही. त्याला विचारले, यात सर्वांत अवघड काय? तो म्हणाला, “पांढऱ्यात पांढरा मिळवणं, सर.” उन्हात वर्षानुवर्षे उडालेला पांढरा रंग पिवळसर पडलेला असतो, त्यावर नवा पांढरा ठिगळासारखा उठतो. पण ठिगळ दिसले तर विमानाचे काही बिघडत नाही, कड उचलली गेली तर बिघडते. म्हणून त्याचे लक्ष छटेपेक्षा कडेवर अधिक असते. भिंतीला लांबी भरून वरून हात मारणारे आपल्याकडचे कारागीर त्याला चांगले ठाऊक आहेत, त्याने स्वतः ते काम केले आहे. त्या कामाची सवय विसरायला वर्ष लागले, असे तो सांगतो.

काही जागा अशा, की तेथे टवका नसला तरी सांभाळावे लागते. विमानाच्या कुशीला बाहेरच्या हवेचा दाब मोजणारी लहान छिद्रे असतात. त्यांच्यावरून वैमानिकाला उंची आणि वेग कळतो. त्यांच्याभोवती रंगाचा एखादा उंचवटा राहिला, तरी हवेचा प्रवाह बिघडून उंची चुकीची दिसू शकते. धुताना, घासताना ही छिद्रे झाकावी लागतात आणि काम संपल्यावर आठवणीने उघडावी लागतात. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेल्या एरोपेरूच्या बोइंग ७५७ विमानाच्या छिद्रांवरची टेप साफसफाईनंतर तशीच राहिली होती. रात्रीच्या अंधारात, समुद्रावर, वैमानिकांना आपण किती उंचीवर आहोत हे कळेना. विमान पाण्यात कोसळले आणि त्यातले सत्तरही जण गेले. टेप चमकत्या पत्र्यावर उठून दिसणारी नव्हती. नंतर ज्या ज्या नजरांनी ती पाहायला हवी होती, त्यांतल्या एकीनेही पाहिली नाही. अशा कामाला भडक रंगाची टेप हवी आणि तिला लोंबती फीत हवी, हे आता हँगरमधल्या नवख्यालाही पहिल्या दिवशी सांगतात. विमानाच्या नाकाचीही अशीच गोष्ट. तेथे आत रडार असते, म्हणून धातूची पूड असलेला रंग चालत नाही आणि थरावर थर चढवलेलेही चालत नाहीत. शेपटीच्या आणि पंखांच्या हलत्या पट्ट्यांवर जास्तीचा रंग साचला तर त्यांचा तोल बिघडतो आणि वेगात त्या फडफडू लागण्याचा धोका असतो.

रंगाऱ्याचे हत्यारही कधी घातक ठरते. जुना रंग आणि सांध्यांतले सीलंट काढताना धारदार पाते वापरल्याने पत्र्याच्या जोडांलगत केसाएवढे चरे पडलेली विमाने आढळली होती. ते चरे नव्या रंगाखाली झाकले जात आणि दाबाच्या चढउताराने त्यांतून भेगा निघू शकत. त्यानंतर जगभर त्यांच्या तपासणीचे आदेश निघाले, आणि हँगरांमध्ये धातूच्या पात्याऐवजी प्लास्टिकचे पाते आले. विमान सुंदर करण्याच्या कामातच विमान जखमी होत होते, आणि जखम दिसत नव्हती, कारण काम सुबक झाले होते!

आता त्याच्या नावाचे. सध्याच्या नोकरीआधी तो एका दुसऱ्या ठिकाणी कंत्राटदारामार्फत कामाला होता. एका रात्री पहाटेच्या उड्डाणाआधी त्याला एका विमानाच्या पोटाखालचे चार-पाच टवके दुरुस्त करायला सांगितले. त्यांत एक फोड होता, मसुरीच्या डाळीएवढा, शौचालयाच्या रेषेत. मुकादम म्हणाला, “फोड, घास आणि रंग मार. सहाला विमान निघायचंय.” याने घासले. खाली पांढरी भुकटी निघाली. पुसली, आणखी निघाली. रंगाखालून दोऱ्यासारख्या बारीक रेघा रिव्हेटांच्या ओळीकडे गेल्या होत्या. ॲल्युमिनियमचा गंज लाल नसतो, पांढरा असतो. पांढऱ्या रंगाखालचा पांढरा गंज, म्हणून तो फसवतो. याने कुंचला ठेवला आणि मुकादमाला ओलांडून थेट पाळीवरच्या अभियंत्याकडे गेला. अभियंत्याने जागा उघडून मोजली. खोली मर्यादेबाहेर होती. विमान त्या दिवशी गेले नाही, दुसऱ्याही दिवशी गेले नाही.

त्याला शाबासकी मिळाली नाही आणि उघड शिक्षाही झाली नाही. कंत्राट तीन-तीन महिन्यांचे असे. पुढच्या यादीत त्याचे नाव नव्हते, इतकेच. चार महिने तो गावी होता. तालुक्यात घरे रंगवत होता. तेव्हा त्याची आई त्याला म्हणाली, “एवढासा तर टिपका होता, मारायचास की रंग.” त्याने तिला काय उत्तर दिले ते त्याने मला सांगितले नाही, आणि मी विचारले नाही. पुढे त्याच अभियंत्याने दुसऱ्या हँगरमध्ये त्याच्यासाठी शब्द टाकला. आजही तो कंत्राटावरच आहे, म्हणून नाव नको.

आईचा प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. घर चालवणाऱ्या बाईचा तो हिशेब होता आणि त्या हिशेबात तो बरोबर होता. ज्याने दोष शोधला त्याच्यामुळे विमान दोन दिवस उभे राहिले, त्याचा खर्च रुपयांत मांडता येतो. ज्याने दोष झाकला असता त्याच्यामुळे काय झाले असते, ते कोणत्याही वहीत लिहिलेले नसते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचे आहे. जे घडले त्याची कागदपत्रे असतात; जे टळले त्याचे दप्तर कोणी ठेवत नाही.

क्वचित मात्र झाकलेल्याचाही दाखला सापडतो. ७ फेब्रुवारी १९८० रोजी हाँगकाँगला उतरताना चायना एअरलाइन्सच्या एका बोइंग ७४७ विमानाची शेपटी धावपट्टीला घासली. पोटाखालच्या पत्र्यावर ओरखडे पडले. दुरुस्ती झाली, पण नियमाप्रमाणे ओरखडलेला पत्रा कापून काढण्याऐवजी किंवा ओरखडे पूर्ण घासून नाहीसे करण्याऐवजी, त्यांच्यावर दुसरा पत्रा ठोकला गेला, आणि तोही पुरेसा मोठा नव्हता. वरून पाहता काम नीट दिसत होते. विमान आणखी बावीस वर्षे उडाले. प्रत्येक उड्डाणात ते अंग फुगले, बसले आणि झाकलेल्या ओरखड्यांतून भेग तसूतसूने पुढे गेली. २५ मे २००२ रोजी तैपेईहून हाँगकाँगला जाताना तैवानच्या सामुद्रधुनीवर ते विमान हवेतच फुटले. २२५ माणसे होती, एकही वाचला नाही. तपासात बोट त्या १९८० च्या दुरुस्तीवर गेले. ती एखाद्या रंगाऱ्याची चूक नव्हती आणि ते ओरखडेही टवक्याहून पुष्कळ मोठे होते. तरीही मी ही हकीकत वाचली तेव्हा मला त्याचा मसुरीएवढा फोडच आठवला.

या कामाला आणखी एक किंमत आहे, आणि ती शरीरातून वसूल होते. विमानाचा पारंपरिक प्रायमर हिरवट-पिवळा असतो, कारण त्यात क्रोमियमचे क्षार असतात. गंज रोखण्यात त्यांचा हात धरणारे दुसरे फार थोडे आहे, आणि त्यांची धूळ फुप्फुसात गेली तर कर्करोगाचा धोका असतो. क्रोमियम नसलेले प्रायमर आता येत आहेत. पण जुना रंग घासताना जुनीच धूळ उडते. म्हणून पाणी लावून घासायचे, मुखवटा, हातमोजे, वेगळे कपडे. माझा विषय इतिहास असल्याने मला येथे पहिल्या महायुद्धातले कारखाने आठवतात. तेव्हा विमानाचे अंग लाकडी सांगाड्यावर ताणलेल्या कापडाचे असे आणि ते कापड ताठ, जलरोधक करण्यासाठी त्यावर ‘डोप’ नावाचा लेप देत. त्यातल्या टेट्राक्लोरोइथेन या द्रावणाच्या वाफेने ब्रिटनमधल्या कारखान्यांत काम करणाऱ्यांना काविळीसारखा विकार होऊ लागला, काही दगावले. त्यांत लेप देणाऱ्या तरुण स्त्रियाही होत्या. मग ते द्रावण मागे घेतले गेले. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटांनी कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरवलेले पस मॉथ हे विमानही कापडाने मढवलेलेच होते. वैमानिकांची नावे आपण मुलांकडून पाठ करून घेतो, आणि ते योग्यच आहे. लेप देणाऱ्यांची नावे मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडली नाहीत. आपला विद्यार्थी मात्र मुखवटा काढून बोलायलाही तयार नसतो. एकदा दूरध्वनीवर त्याचा आवाज घुसमटलेला आला, म्हणून मी काळजीने विचारले, तर तो हँगरमधून मुखवट्याआडूनच बोलत होता.

नव्या विमानांचे अंग पुष्कळसे कार्बनच्या तंतूंचे असते. ते ॲल्युमिनियमसारखे गंजत नाही, म्हणून रंगाऱ्याची चिंता मिटली असे कोणाला वाटेल. पण त्या पदार्थाला उन्हातली अतिनील किरणे बाधतात आणि त्यांच्यापासून त्याचे रक्षण रंगच करतो. एअरबस ए३५० विमानांच्या रंगाला पडलेल्या भेगा आणि त्याखाली विजेपासून संरक्षण देणारी तांब्याची जाळी, यांवरून कतार एअरवेज आणि एअरबस यांच्यात मोठा वाद झाला. तो लंडनच्या न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. एका बाजूचे म्हणणे, हा सुरक्षेचा प्रश्न आहे. दुसऱ्या बाजूचे, हा केवळ पृष्ठभागाचा प्रश्न आहे. मुकादम आणि आपला विद्यार्थी यांच्यात त्या रात्री जे झाले, तेच येथे वकिलांमार्फत झाले.

मुलांनी त्याला विचारलेल्या प्रश्नांपैकी एक सांगायचा राहिला. आठवीतल्या एका मुलीने विचारले, “दादा, सगळं ठीक आहे, पण रंग वाळायला वेळच नसेल तर?” तो हसला. म्हणाला, “मग पिवळटच उडतं.” प्रायमर लावून, त्याची नोंद वहीत करून, अभियंत्याची सही घेऊन विमान सोडता येते, वरचा रंग पुढे कधीतरी, विमान निवांत उभे असेल तेव्हा. “लोकांना दिसत नाही का ते?” “दिसतं की. पांढऱ्या पत्र्यावर हिरवट-पिवळा ठिपका. लोकांना वाटतं, काम अर्धवट सोडलंय.” तिने पुन्हा विचारले, “आणि तुम्हाला काय वाटतं?” तो थाळ्या गोळा करत होता. “मला बघायचं असतं की कड उचललीय का,” तो म्हणाला, आणि थाळ्या घेऊन मावशींकडे गेला.